वारशाची नाणी तराजूत टाकण्यापूर्वी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील आपल्या जुन्या घरांत थोडीफार जुनी नाणी निघतातच. कोणाचे पणजोबा पलटणीत होते, कोणाचे घराणे इनामदार, कोणी अत्तार, कोणी तांबोळी, कोणी बागवान. व्यवहार रोखीचा, बँक दूर आणि व्याजाचे भय मनात, म्हणून शिल्लक रुपया मडक्यात नाहीतर पेटीच्या तळाशी जात असे. घरचा कर्ता माणूस अल्लाहला प्यारा झाला की काही महिन्यांनी ती पेटी उघडते. मग एखादा भाऊ पिशवी उचलतो, सराफ पेठेत जातो, चांदीचा भाव विचारतो, वजन करून रोख घेतो आणि परत येतो. तीन पिढ्यांची ठेव अर्ध्या तासात संपते. पिशवीत नेमके काय होते हे विकणाऱ्यालाही माहीत नसते, आणि बहिणींना तर पिशवी होती हेच माहीत नसते.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. नाण्यांचा व्यापार आम्ही करीत नाही. परंतु आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले, त्यामुळे जुने निकाहनामे, इनामाचे कागद आणि अधूनमधून नाणी वाचून घ्यायला लोक दुकानावर येतात. त्या निमित्ताने या विषयाची माहिती करून घेणे भाग पडले. शिवाय याच प्रकारचे नुकसान आम्ही आमच्या धंद्यात वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. खऱ्या चांदीच्या जरीचा जुना शालू किंवा पैठणी जुनी जरी गोळा करणाऱ्याला विकली, तर तो पदर जाळून निघालेल्या चांदीचे पैसे देतो. विणकराच्या हाताचे, नक्षीचे, वयाचे काही मिळत नाही. नाण्याचेही तसेच आहे. चांदीचा भाव ही नाण्याची सर्वांत खालची किंमत असते, आणि आपले लोक तीच पूर्ण किंमत समजून घेतात.

सराफाकडची पिशवी पुढे कुठे जाते? आपल्याच मुलखातल्या माणसांच्या हाती. खानापूर, आटपाडी, तासगाव या सांगलीच्या आणि खटाव, माण या साताऱ्याच्या दुष्काळी तालुक्यांतील असंख्य कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी देशभर पसरली आहेत. या धंद्याला गलाई म्हणतात. भारतातील क्वचितच एखादी मोठी सराफ बाजारपेठ विट्याकडच्या गलाईवाल्यावाचून असेल. गाळलेली चांदी मग हुपरीसारख्या ठिकाणी जाते आणि पैंजण होऊन परत येते. गलाईवाल्यांच्या कामात खोट नाही, कष्टाची कमाई आहे. पण मूस अक्षर वाचत नाही. अक्षर वाचण्याचे काम मुशीच्या आधी व्हायला हवे, आणि ते आपण इतरांपेक्षा चांगले करू शकतो.

अक्षर आपले आहे

इंग्रजांच्या आधी आपल्या भागात चाललेले बहुतेक चांदीचे रुपये फारसी लिपीतले आहेत. मोगलांचे तर आहेतच, मराठ्यांच्या टांकसाळींतले रुपयेही दिल्लीच्या बादशहाच्या नावाने आणि फारसीतच पडत असत. शहरातला सराफ त्यांना सरसकट "मुसलमानी रुपया" म्हणतो आणि तराजूत टाकतो. ज्याने उर्दू चौथीपर्यंत वाचली आहे तो थोड्या सरावाने त्याहून पुढे जाऊ शकतो. नुक्ते बहुधा नसतात, अक्षरे एकावर एक रचलेली असतात, हे मात्र मनात धरावे.

प्रथम "ज़र्ब" हा शब्द शोधावा. ज़र्ब म्हणजे ठोकले, पाडले. त्याच्या लगत टांकसाळीच्या गावाचे नाव असते. दुसरा शब्द "जुलूस". मोगली रुपयाच्या एका बाजूस "सनह जुलूस मैमनत मानूस" असा मजकूर येतो. जुलूस म्हणजे तख्तावर बसणे. त्याच्या शेजारचा आकडा बादशहाच्या कारकिर्दीचे वर्ष सांगतो. दुसऱ्या बाजूस बादशहाचे नाव आणि पुष्कळदा हिजरी सन असतो. हिजरी सनातून शेकडा तीन वजा करून ६२२ मिळवले की इसवी सन जवळपास येतो. उदाहरणार्थ १२१५ हिजरी : ३६ वजा केल्यावर ११७९, त्यात ६२२ मिळवून १८०१. प्रत्यक्षात ते वर्ष १८००-०१ आहे. दुकानातल्या हिशोबापेक्षा हे अवघड नाही.

गावांची नावे मात्र बदललेली आहेत. मुर्तजाबाद म्हणजे आपले मिरज. मुहियाबाद म्हणजे पुणे. १७०० साली औरंगजेबाने साताऱ्याचा किल्ला घेतला तेव्हा त्याचे नाव आझमतारा ठेवले, ते नाव जुन्या कागदांत भेटते. मिरजेत राहणाऱ्या एखाद्या सतारीच्या कारागिराच्या घरी मुर्तजाबादचा रुपया निघावा आणि तो पायातल्या तोरड्यांसाठी वितळावा, याला काय म्हणावे?

ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असल्याने मजकूर पुष्कळदा अर्धाच उमटतो. एका नाण्यावर गावाचे नाव कापलेले, तर दुसऱ्यावर सन कापलेला. अशा वेळी एकसारखी दिसणारी चार-पाच नाणी शेजारी ठेवावीत. एकावर तुटलेले अक्षर दुसऱ्यावर सापडते. थानाच्या कडेवरचा अर्धा शिक्का दुसऱ्या थानावरून पुरा वाचावा, तसेच हे.

आणखी एक खूण वाचक बांधवांना ठाऊक असावी. अकबर आणि शाहजहान यांच्या कित्येक नाण्यांवर कलिमा आहे आणि भोवती चार खलिफांची नावे आहेत. औरंगजेबाने तख्तावर आल्यावर नाण्यावर कलिमा कोरणे बंद केले, कारण नाणे कोणाच्याही हाती आणि पायाखाली जाते, पाक शब्दांची बेअदबी होते. म्हणून मोगली रुपयावर कलिमा दिसला तर ते नाणे शाहजहानचे किंवा त्याच्या आधीचे असण्याचा संभव मोठा. असे नाणे बाजूला काढून जाणकाराला दाखवल्याशिवाय हलवू नये.

उलट, शाह आलमचे नाव दिसले म्हणून लगेच खूष होऊ नये. त्याच्या नावाने मराठ्यांनीही रुपये पाडले आणि कंपनी सरकारनेही. शाह आलम १८०६ साली वारला, तरी कंपनीचे रुपये १८३५ पर्यंत त्याच्याच नावाने निघत राहिले. सुरती रुपयावर जुलूस ४६ हा आकडा गोठवून ठेवला होता आणि तोच वर्षानुवर्षे छापला गेला. हे रुपये पुष्कळ आहेत. चांदीपेक्षा किंमत जास्त येते, पण लाखांची स्वप्ने पाहू नयेत.

सांगलीच्या पूर्वेकडील तालुक्यांत निजामचा हाली सिक्का सापडतो. १९०३-०४ नंतरच्या हाली रुपयावर चारमिनार आहे. त्याच्या कमानीत एक अक्षर असते : मीम असेल तर महबूब अली खान, ऐन असेल तर उस्मान अली खान. हा रुपया कलदारपेक्षा किंचित हलका, सुमारे ११.१८ ग्रॅम, आणि चांदीही कमी, म्हणून तो कलदारांच्या ढिगात मिसळू नये. दुसरी वस्तू म्हणजे लारी. चांदीची तार दुमडून तिच्यावर ठसा मारलेले हे नाणे आदिलशाहीत चालत असे. अजाण माणूस ते मोडके कानातले समजून मोडीत देतो. अक्षराचा मागमूस दिसला तर तार म्हणून विकू नये.

तांब्याची शिवराई देवनागरीत आहे : एका बाजूस "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूस "छत्रपति". १६७४ च्या राज्याभिषेकापासून सुरू झालेली ही शिवराई पुढे दीड-दोनशे वर्षे निरनिराळ्या ठिकाणी पडत राहिली. दोन आडव्या रेघांची दुदांडी शिवराई तर साताऱ्याच्या बाजारात ढिगाने फिरली. म्हणून सर्वच शिवराया महाराजांच्या हातच्या नसतात. सोन्याचा शिवकालीन होन अत्यंत दुर्मीळ आहे. आपल्या पेटीत तो निघाला असे वाटले तर आनंदाआधी शंका घ्यावी, कारण बनावट होन फार आहेत.

राणी छाप, राजा छाप

पेटीतला मोठा भाग बहुधा कलदार रुपयांचा असतो. येथे वजनाचा हिशोब चोख करता येतो. १८३५ पासून कंपनीचा आणि पुढे सरकारचा रुपया १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. एका रुपयात शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम, शंभर रुपयांत सुमारे १ किलो ६९ ग्रॅम. १९४० पासून १९४५ पर्यंतच्या रुपयात चांदी निम्मीच, म्हणजे ५.८३ ग्रॅम. या रुपयाच्या कडेवर मधोमध खाच असलेली सुरक्षित किनार आहे, बोट फिरवले की कळते. १९४७ चा रुपया निकेलचा, तो लोहचुंबकाला चिकटतो. हे तीन ढीग घरीच करावेत. एकत्र ढीग नेला तर सराफ सर्वांत हलक्या मालाचा दर सगळ्या ढिगाला लावतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

साधे राणी छाप किंवा राजा छाप रुपये असंख्य आहेत. १८६२ चे साल पाहून कोणी हुरळून जाऊ नये. हे साल पुढची दहा-बारा वर्षे रुपयावर तसेच ठेवले गेले होते. मुंबई टांकसाळीने खरे वर्ष ओळखण्यासाठी बारीक ठिपके टाकले आणि संग्राहक ते ठिपके मोजून भाव ठरवतात. म्हणजे भिंग घेऊन ठिपके पाहिल्याशिवाय १८६२ चा रुपया विकू नये.

दोन साले विशेष. पहिले १९११. पंचम जॉर्जच्या या पहिल्या रुपयावर राजाच्या झग्यावरील साखळीत हत्ती कोरलेला आहे, पण सोंड आखूड आणि पाय तोकडे, त्यामुळे तो डुकरासारखा दिसे. मुसलमानांत मोठी नाराजी पसरली, सरकारने तो रुपया मागे घेतला, मोठा भाग वितळवला आणि १९१२ पासून हत्ती सुधारून कोरला. ज्या नाण्याचा आपल्या वडीलधाऱ्यांनी तिटकारा केला तेच आज संग्राहक शोधत फिरतात. दुसरे साल १९३९. पूर्ण चांदीचा हा शेवटचा रुपया फार थोडा बाहेर आला. त्याचे बनावट नमुने मात्र भरपूर. १९३८ मधला ८ खरवडून ९ करणारेही आहेत. वजन, कड आणि आकड्याचा घाट तिन्ही तपासावेत.

अधेली, पावली, चवली यांनाही चांदीच्या वर थोडा भाव मिळतो. १९४३ ते ४७ चा भोकाचा पैसा मुलांना खेळायला द्यावा. ज्यावर ईस्ट इंडिया कंपनी, १८१८ असे छापून राम दरबार किंवा हनुमानाचे चित्र आहे, ते नाणे कंपनीने कधी पाडलेच नाही. जत्रेतली वस्तू आहे.

एक कळकळीची सूचना. नाणे धुऊ नये. चिंच, राख, सोडा, पितांबरी, सोनाराचा बुरुश, काही नको. अंगावरची काळपट छटा हीच त्याच्या वयाची साक्ष असते आणि घासलेल्या नाण्याचा भाव निम्म्यावर येतो. कडी डागलेले, भोक पाडलेले किंवा सराफांनी पारखण्यासाठी टोचे मारलेले नाणेही कमी भावाने जाते. अम्मींच्या माळेतले रुपये म्हणून वेगळे ठेवावेत आणि बाकीच्यांत कड्या डागू नयेत.

पिशवी कोणाची?

आता अवघड भाग. नाणी ज्याच्या खोलीतल्या पेटीत निघाली त्याची नसतात. मरहूमांचा दफनाचा खर्च, कर्ज (बायकोची बाकी असलेली महर हेही कर्जच) आणि एक तृतीयांशाच्या आतली वसीयत वजा जाता जे उरते ते सर्व वारसांचे, आणि त्यात पेटीतला भोकाचा पैसाही आला. १९३७ च्या शरियत कायद्याप्रमाणे आपल्या देशातही हेच लागू आहे. जमिनीच्या वाटणीत बहिणींकडून हक्कसोड लिहून घेण्याची वाईट चाल आपल्यात आहेच. पेटीच्या बाबतीत तर लिहूनही घेत नाहीत.

कराडकडील एक कुटुंब आमच्याकडे नाणी घेऊन आले होते. मागे वालिदा, दोन भाऊ, दोन बहिणी. थोरल्याने एका सराफाकडून वजनाचा दर आणला होता आणि सगळी पिशवी एकाच दराने, वर घट कापून, जाणार होती. आम्ही ढीग करायला बसवले. १९४० पूर्वीचे कलदार रुपये निघाले ९६, सर्व साधे. त्याखेरीज सात फारसी रुपये आणि मूठभर शिवराया. वाटणीचा हिशोब असा : बायकोचा आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला दोन आणि मुलीला एक. सगळ्याचे ४८ भाग केले तर वालिदांचे ६, प्रत्येक मुलाचे १४, प्रत्येक मुलीचे ७. म्हणजे ९६ रुपयांत वालिदांना १२, मुलांना २८-२८, मुलींना १४-१४. सारखे नाणे असल्याने मोजून वाटता आले, विकण्याचा प्रश्नच नव्हता. ज्याला विकायचे त्याने आपला हिस्सा विकावा. सात फारसी रुपये मात्र एकसारखे नव्हते. एक चांगले, दोन बरे, बाकी झिजलेले. अशी नाणी मोजून वाटली तर अन्याय होतो. ती एकत्र विकून पैसे ४८ भागांत वाटायचे, किंवा एका भावाने बाजारभाव लावून घ्यायची आणि इतरांना रक्कम द्यायची, असे ठरले. थोरला आधी कुरकुरला. धाकटी बहीण मिरजेहून आली होती, ती काही बोलली नाही, पण यादी तिनेच सुवाच्य अक्षरात लिहून काढली.

ही यादी हाच सर्व गोष्टीचा पाया आहे. प्रत्येक नाण्याला क्रमांक, वजन, दोन्ही बाजूंचे छायाचित्र, वाचता आले तेवढे अक्षर, आणि खाली सर्व वारसांच्या सह्या. आज मोबाईलवर छायाचित्रे निघतात, तेवढा खर्चही नाही.

जकातीचा हिशोबही याच यादीतून निघतो. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. कलदार रुपया बरोबर एक तोळ्याचा आणि त्यात चांदीच जास्त, म्हणून हनफी मसलकाप्रमाणे तो चांदीतच धरला जातो : ५३ रुपये पेटीत असले की निसाब पुरा. "जुनी आठवण म्हणून ठेवले आहेत" हे कारण चांदीच्या बाबतीत चालत नाही. वारसांनी आपापला हिस्सा आपल्या इतर मालात मिळवून अडीच टक्के काढावेत. मरहूमांच्या राहिलेल्या वर्षांचे काय, हे आपल्या आलिमांना विचारावे.

आणि सराफाकडे "जुनी चांदी द्या, नवे पैंजण घ्या" असा सौदा करू नये. चांदीच्या बदल्यात चांदी वजनात कमी-जास्त देणे-घेणे ही व्याजाची बाब होते. खैबरच्या खजुरांची हदीस सर्वांना ठाऊक आहे : हलका खजूर जास्त देऊन चांगला कमी घेण्यास हुजूर (स.) यांनी मना केले, आधी विका आणि त्या पैशाने दुसरा घ्या असे सांगितले. नाणी रोखीने विकावीत, पैसे हातात घ्यावेत, मग पैंजण घ्यावेत. व्यापाराच्या दृष्टीनेही हेच फायद्याचे, कारण दोन सौदे वेगळे झाले की घट आणि मजुरी कुठे किती कापली ते दिसते.

कायद्याच्या चार गोष्टी

पेटीत निघालेले आणि जमिनीत निघालेले यांत फरक आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या बांधकामात दडवलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. वाड्याची भिंतही यात येते. साताऱ्यात, वाईत, मिरजेत जुने वाडे पडत आहेत आणि गवंडीकाम, सुतारकाम करणारे आपलेच बांधव पुष्कळ आहेत. त्यांनी हे नीट ध्यानात ठेवावे. लपवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते आणि त्याचा हिस्साही जातो. कळवणाऱ्याचा हक्क कायद्याने राखला आहे : मालक न सापडलेल्या ऐवजात, दुसरा काही करार नसेल तर, सापडणाऱ्यास तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकास एक चतुर्थांश. सरकारने ऐवज स्वतः घेतला तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा अधिक मिळतो.

शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू आहे. घरची नाणी विकण्यास बंदी नाही, पण पुरावस्तूंचा धंदा करणाऱ्याकडे परवाना हवा, आणि अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. दुबई-सौदीला असलेल्या भावाने "इकडे भाव चांगला मिळेल" म्हणून सामानात चार रुपये टाकले तर सहा महिने ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे.

आयकराबाबत एक गैरसमज आहे की घरची जुनी वस्तू विकली तर कर नाही. सोन्याच्या मोहरा, चांदीचे रुपये आणि चांदीच्या विटा पूजेत ठेवल्या तरी त्या अंगवापराच्या वस्तू ठरत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली महाराजा राणा हेमंतसिंहजी यांच्या खटल्यात दिला आहे. नफ्यावर कर बसू शकतो. वारशाच्या वस्तूची मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरण्याची सवलत आहे, ती हिशोबनिसाकडून समजून घ्यावी. आणि २०१७ पासून एका दिवसात एका व्यक्तीकडून दोन लाख किंवा अधिक रक्कम रोखीने घेणे गुन्ह्यासारखेच महाग पडते, दंड तेवढ्याच रकमेचा आहे. मोठा सौदा बँकेतूनच करावा.

विकायचे कुठे?

साधे कलदार सराफाकडे विकण्यास हरकत नाही. मात्र तीन दुकानांत विचारावे आणि वजन आपल्यासमोर करून घ्यावे. फारसी रुपये, लाऱ्या, १९११ आणि १९३९ चे रुपये, ठिपक्यांचे १८६२, या वस्तूंना संग्राहकच हवा. पुण्यात कॉइनेक्स नावाचे नाण्यांचे प्रदर्शन भरते, तेथे देशभरचे व्यापारी येतात. एका दिवसात दहा जणांना दाखवून भावाचा अंदाज येतो. पहिल्या फेरीत विकू नये, फक्त विचारावे. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. नाणे आणि अक्षर समजून घ्यायचे असेल त्याने तेथे एकदा जाऊन यावे.

खरोखर चांगले नाणे असेल तर मुंबई, अहमदाबाद, बंगळूर येथील परवानाधारक लिलावगृहे आहेत. त्यांच्या मागील लिलावांचे भाव छापील असतात. आपल्यासारखे नाणे कितीला गेले ते तेथे पाहता येते, पण नाण्याची अवस्थाही जुळली पाहिजे.

फोनवरून येणाऱ्या गिऱ्हाइकापासून दूर राहावे. "तुमच्या नाण्याचे बारा लाख देतो, आधी नोंदणीचे तीन हजार भरा" अशी भाषा आली की फोन ठेवावा. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून जुन्या नाण्या-नोटांच्या सौद्यात फी, कमिशन, कर मागणाऱ्यांविषयी बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. आपण असे काही करीत नाही आणि कोणाला अधिकारही दिलेला नाही, असे तिने स्पष्ट केले. ७८६ क्रमांकाच्या नोटांचा बाजार तर आपल्याच भोळेपणावर उभा आहे. गेल्या महिन्यातच एका मिस्त्रीबांधवाने अशी वीस रुपयांची नोट आठशेला "घेतली" होती, ती लाखाला जाईल या आशेने. नोट वीस रुपयांचीच आहे.

लिलावगृहाला नाणी देताना यादीची एक प्रत सहीशिक्क्यासह परत घ्यावी. प्रत्येक नाण्याची किमान किंमत लिहून द्यावी, त्याखाली ते विकले जाऊ नये. कमिशन किती, पैसे किती दिवसांत आणि कोणाच्या खात्यावर, हेही कागदावर यावे. वारस अनेक असतील तर सर्वांच्या संमतीने एकाचे खाते द्यावे आणि ती संमती लेखी ठेवावी. न विकलेले नाणे परत येते, तेव्हा टपालाचा आणि विम्याचा खर्च कोणी सोसायचा हे आधी विचारून घ्यावे.